नऊ महिन्यांत मालक बदललेली गाडी : लान्चा डी-५०चं प्रकरण

इटलीत तुरीनच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात एक बुटकी, लाल, एकट्याने बसायची शर्यतगाडी उभी आहे. लांबून पाहिली तर त्या काळातल्या इतर गाड्यांसारखीच वाटते. जवळ गेलं की नजर मध्येच अडकते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा शर्यतगाडीत सहसा मोकळी असते. इथे मात्र दोन्ही बाजूंना एकेक लांबट डबा टांगलेला आहे. चाकाच्या मागे डबा, डब्याच्या मागे पुन्हा चाक. अंग आणि डबा यांच्यामध्ये इतकी फट आहे की पलीकडची जमीन दिसते.

ही लान्चा डी-५०. १९५४च्या ऑक्टोबरात ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि १९५५च्या जुलैत, म्हणजे नऊच महिन्यांत, बनवणाऱ्यांनी ती सगळ्या सरंजामासकट दुसऱ्या कंपनीला देऊन टाकली. पुढच्या वर्षी त्याच गाडीने जगज्जेतेपद मिळवलं, तेही दुसऱ्याच्या नावावर.

हे प्रकरण मी अभ्यासासाठी निवडलं, कारण मोटारशर्यतीचा इतिहास बहुधा चालकांच्या नावाने सांगितला जातो आणि आराखडा, पैसा, टायरचे करार, गाडीचे नकाशे या गोष्टी मागे पडतात. या गाडीचं नशीब नेमकं त्या मागे पडलेल्या गोष्टींनी ठरवलं. ज्या माणसांची नावं इतिहासात नोंदलेली आहेत ती तशीच ठेवली आहेत. कारखान्यातले मेकॅनिक, फिटर, हिशेबनीस यांची नावं घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

लान्चा कंपनीचे संस्थापक व्हिन्चेन्झो लान्चा १९३७ साली गेले. त्यांचा मुलगा जान्नी तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर कंपनीची सूत्रं या तरुण मुलाच्या हाती आली. लान्चाची ओळख शर्यतीसाठी नव्हती. चांगली, महाग आणि काळाच्या पुढे असलेली गाडी बनवणारं घर, असा त्यांचा लौकिक होता. १९५०मध्ये आलेल्या ऑरेलियात व्ही-६ इंजिन होतं आणि कारखान्यात नियमित उत्पादन होणाऱ्या गाडीत असं इंजिन जगात प्रथमच बसवलं गेलं होतं.

जान्नीला शर्यतीची ओढ होती आणि घरात व्हित्तोरियो यानो हा माणूस होता. यानोने विसाव्या आणि तिसाव्या दशकात अल्फा रोमिओसाठी पी-२ आणि पी-३ या गाड्या घडवल्या होत्या. त्या काळी युरोपातल्या शर्यती या दोन नावांभोवती फिरत. १९३७ पासून तो लान्चात होता. जान्नीने त्याला मोकळा हात दिला आणि स्पोर्ट्‌स गाड्यांत लगेच फळ मिळालं. १९५३च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतल्या कारेरा पानअमेरिकाना या लांब पल्ल्याच्या शर्यतीत लान्चाच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. पहिला आला हुआन मान्युएल फान्जिओ. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९५४च्या मे महिन्यात मिल्ले मिल्या ही इटलीची मानाची शर्यतही लान्चानेच जिंकली. चालक होता अल्बेर्तो अस्कारी.

अस्कारी १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं फेरारीकडून जगज्जेता झाला होता. १९५४च्या सुरुवातीला तो लान्चाकडे आला, कारण लान्चा ग्रां प्री, म्हणजे एकट्याने बसायच्या गाड्यांच्या सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीसाठी नवी गाडी बनवत होती. त्या वर्षीपासून नियम बदलले होते : सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं अडीच लिटरचं इंजिन, किंवा सुपरचार्जरसह ७५० सीसी. सगळ्यांनाच नव्याने सुरुवात करायची होती. मर्सिडीज उतरणार हे जाहीर होतं. जर्मन पैसा आणि जर्मन शिस्त यांच्यासमोर इटलीकडे उत्तर काय, हा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांना राष्ट्रीय अब्रूचा वाटत होता.

गाडीत काय वेगळं होतं

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय इथून निघतात.

आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला विचारावं. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झालं की धुरजड होते, बैलाच्या मानेवर येते. त्या काळातल्या शर्यतगाडीची हीच अडचण होती. इंधनाची टाकी शेपटीत, मागच्या चाकांच्याही मागे असायची. शर्यत सुरू होताना टाकी काठोकाठ भरलेली, म्हणून गाडी उलाळ. तीन तासांनी टाकी जवळजवळ रिकामी, म्हणून तोल पुढे सरकलेला. चालकाला सुरुवातीला एक गाडी चालवावी लागे आणि शेवटी दुसरीच. वळणावर ती कधी सुटेल याचा अंदाज फेरीगणिक बदलायचा.

यानोने टाकी शेपटीतून काढली आणि कावडीसारखी दोन बाजूंना टांगली, बरोबर दोन चाकांच्या मध्ये. इंधन कितीही कमी झालं तरी तोल जागच्या जागी राहणार. शिवाय चाकांच्या मधली हवेची खळबळ त्या डब्यांनी थोडी शांत होणार. संग्रहालयात नजर जिथे अडकते तो डबा म्हणजे ही कावड.

दुसरी गोष्ट इंजिनाची. आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन, २४८८ सीसी, अडीचशेच्या वर अश्वशक्ती. यानोने ते सरळ न ठेवता सुमारे बारा अंश तिरकं बसवलं. त्यामुळे इंजिनाकडून मागच्या गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट चालकाच्या खालून न जाता त्याच्या बाजूने जातो. शाफ्ट खाली नसल्यामुळे चालकाची बैठक खाली आणता आली, बैठक खाली आली म्हणून गाडीच बुटकी झाली. तिसरी गोष्ट त्याहून धीट : इंजिन चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, नुसतं ठेवलेलं नव्हतं, ते चासीचाच भाग होतं. पुढच्या बाजूचा ताण इंजिनाचं धूड स्वतः सोसत होतं. म्हणून चासीच्या नळ्या कमी, वजन कमी. ही कल्पना शर्यतगाड्यांत सर्रास रुळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

सगळं वजन मधोमध गोळा केल्यामुळे गाडी वळणाला चटकन वळायची. पण याची एक किंमत होती. अशी गाडी वळणात खूप वेगापर्यंत चिकटून राहते आणि सुटते तेव्हा आगाऊ सूचना न देता सुटते. अस्कारीसारख्याच्या हातात ती सोनं होती. थोडा कमी हात असेल तर ती धाक घालायची.

अडचण कशी उभी राहिली

गाडी उशिरा तयार झाली. १९५४चा जवळजवळ सगळा हंगाम अस्कारी वाट पाहत बसला. अधूनमधून लान्चाच्या परवानगीने मासेराती आणि फेरारीच्या गाड्याही चालवल्या. जगज्जेता करारबद्ध करून ठेवला आणि त्याला द्यायला गाडी नाही, अशी अवस्था झाली. शेवटी २४ ऑक्टोबर १९५४ला, हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, बार्सिलोनाच्या पेड्राल्बेस मार्गावर डी-५० उतरली. सरावात अस्कारीने फान्जिओच्या मर्सिडीजला एका सेकंदाने मागे टाकून पहिली जागा घेतली. शर्यतीत तो पुढे गेला, सर्वांत वेगवान फेरीही त्याच्याच नावावर लागली, आणि दहा फेऱ्यांच्या आतबाहेर क्लचने दगा दिला. जिंकला नाही, पण मर्सिडीजला मागे टाकणारी गाडी इटलीत आहे हे सगळ्यांनी पाहिलं.

१९५५ची सुरुवात ब्यूनोस आयर्सच्या भयंकर उकाड्यात झाली. अस्कारी आघाडीवर असताना घसरून बाहेर पडला. उरलेल्या दोन लान्चाही शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. मार्चमध्ये घरच्या तुरीनमध्ये, व्हालेन्तिनो बागेतल्या मार्गावर, तो जिंकला. मे महिन्यात नापोलीतही जिंकला. या दोन्ही शर्यती जगज्जेतेपदाच्या हिशेबात नव्हत्या. लान्चाने स्वतःच्या नावाने या गाडीत मिळवलेले विजय एवढे दोनच.

मग २२ मे, मोनाको. फान्जिओची मर्सिडीज निम्म्या वाटेवर बंद पडली. ऐंशीव्या फेरीच्या सुमारास आघाडीवरच्या स्टर्लिंग मॉसचं इंजिन धूर सोडू लागलं. पहिली जागा अस्कारीकडे चालत येत होती. त्याच वेळी बंदराकाठच्या वळणावर त्याची गाडी सुटली, गवताच्या गाठोड्यांमधून गेली आणि समुद्रात पडली. पाण्यावर तेल आणि बुडबुडे दिसले, काही क्षणांनी त्याचं डोकं वर आलं. तो पोहत बचावनौकेपर्यंत गेला. नाकाला लागलं होतं, बाकी तो धड होता. एउजेन्यो कास्तेलोत्तीची लान्चा दुसरी आली, व्हिल्लोरेझीची पाचवी. पंचावन्न वर्षांचा लुई शिरॉन चौथ्या लान्चात सहावा आला. एवढ्या वयाचा माणूस या दर्जाच्या शर्यतीत ना आधी उतरला होता ना नंतर उतरला.

चार दिवसांनी, २६ मेला, अस्कारी मिलानजवळच्या मोन्झाच्या शर्यतमार्गावर गेला. कास्तेलोत्ती तिथे फेरारीची स्पोर्ट्‌स गाडी सरावासाठी चालवत होता. अस्कारीने दोन-चार फेऱ्या मारायला ती मागितली. स्वतःचं शिरस्त्राण आणलं नव्हतं, म्हणून कास्तेलोत्तीचं घातलं. आपल्या वस्तूंना कुणाला हात लावू न देणारा हा माणूस, पण त्या दिवशी कोट-टायवर, दुसऱ्याचं शिरस्त्राण घालून गाडीत बसला. तिसऱ्या फेरीला वेगवान वळणावर गाडी उलटली आणि तो गेला. वय छत्तीस. त्याचे वडील अन्तोन्यो अस्कारी १९२५ साली फ्रान्समध्ये शर्यतीत गेले, तेही छत्तिसाव्या वर्षी, आणि ती गाडीही यानोची होती, अल्फाची पी-२. इटलीत यावर अंकांची आणि अपशकुनांची खूप जुळवाजुळव झाली. मला त्यात रस नाही. यानो या माणसाचा विचार मात्र मनातून जात नाही. तीस वर्षांच्या अंतराने बाप आणि मुलगा, दोघांसाठी त्याने गाड्या घडवल्या होत्या.

आता अडचणीचं मूळ. अस्कारी जाणं हा धक्का होता, पण लान्चा त्याच्या आधीच पैशाच्या अडचणीत होती. ऑरेलियासारख्या गाड्या बनवायला महाग पडत होत्या. तुरीनमध्ये कंपनीची नवी, सोळा मजली इमारत उभी राहत होती. त्यावर शर्यतीचा खर्च, आणि तोही आधी स्पोर्ट्‌स गाड्यांचा, मग ग्रां प्रीचा. शर्यत जिंकून गाड्या विकल्या जातील, हा हिशेब लान्चाच्या बाबतीत जुळला नाही. ज्या माणसाला ऑरेलिया परवडत होती तो मिल्ले मिल्या जिंकली म्हणून दुसरी घेणार नव्हता. मालकी घराण्याच्या हातातून निसटत होती आणि ती लवकरच सिमेंटच्या धंद्यातल्या कार्लो पेसेन्तींकडे गेली.

समोर असलेले पर्याय

अस्कारीच्या अंत्यविधीनंतर जान्नी लान्चाने शर्यती थांबवल्याचं जाहीर केलं. गाड्या, इंजिनं, सुटे भाग, वाहून नेणारे ट्रक, नकाशे आणि हे सगळं जाणणारी माणसं, हा पसारा मात्र उभाच होता.

पहिला पर्याय, छोट्या प्रमाणावर चालू ठेवणं. कास्तेलोत्तीने त्याची चुणूक लगेच दाखवली. त्याने मिनतवाऱ्या करून एक गाडी मागून घेतली आणि ५ जूनला बेल्जियमच्या स्पा मार्गावर खासगी चालक म्हणून उतरला. चोवीस वर्षांच्या त्या पोराने सरावात फान्जिओ आणि मॉस यांच्या मर्सिडीज मागे टाकून पहिली जागा मिळवली. शर्यतीत गिअरबॉक्स गेला. पण गाडी एकट्या अस्कारीची नव्हती, दुसऱ्या हातातही ती चालत होती, हे स्पाने दाखवलं. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत कमी दखल घेतलं गेलेलं पान हेच आहे.

पण ही वाट सहा दिवसांत बंद झाली. ११ जूनला फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि स्पेनच्या ग्रां प्री रद्द झाल्या. शर्यतीवर पैसा घालणाऱ्या मालकाला बँकेसमोर किंवा वर्तमानपत्रासमोर उभं राहणं अवघड झालं.

दुसरा पर्याय, गाड्या सुट्या विकणं. चार पैसे आले असते. पण डी-५० ही कुठल्याही गॅरेजात सांभाळता येईल अशी गाडी नव्हती. तिरकं इंजिन, ताण सोसणारा ब्लॉक, मागचा गिअरबॉक्स, सगळं एकमेकांत गुंतलेलं. यानो आणि त्याचे मेकॅनिक सोबत नसतील तर वर्षभरात ती भंगारात गेली असती.

तिसरा पर्याय, दार लावून गाड्या झाकून ठेवणं. खर्च शून्य, पण रक्कमही शून्य. आणि इटलीकडे मर्सिडीजला टक्कर देणारी दुसरी गाडी नव्हती.

चौथा, सगळं एकत्र दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देणं. असा घेणारा इटलीत खरं तर एकच होता.

काय ठरलं, काय केलं

फेरारी १९५५मध्ये फार अडचणीत होती. तिच्या चार सिलिंडरच्या गाड्या मर्सिडीजसमोर टिकत नव्हत्या. मोनाकोला फेरारी जिंकली, पण पुढचे एकेक गळाल्यावर. इटलीच्या ऑटोमोबाईल क्लबने मध्यस्थी केली आणि फियाटने पैसा दिला : वर्षाला पाच कोटी लिरा, पाच वर्षं. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे जिच्या गाड्या टॅक्सी होऊन रस्त्यावर आल्या, ती हीच फियाट. लान्चाने गाड्या द्यायच्या, फियाटने पैसा द्यायचा, फेरारीने शर्यत करायची, असा तिपेडी करार झाला.

२६ जुलै १९५५. तुरीनमध्ये लान्चाच्या कारखान्याच्या आवारात सहा डी-५० रांगेने उभ्या करून फेरारीच्या माणसांच्या ताब्यात दिल्या गेल्या. सोबत इंजिनं, सुटे भाग, ट्रक, नकाशे. यानो सल्लागार म्हणून फेरारीकडे गेला. ज्या माणसांनी त्या गाड्यांच्या नळ्या जोडल्या होत्या, त्यांच्यासमोर त्या ट्रकवर चढल्या. त्या दिवशीची छायाचित्रं पाहिली की कुणाच्याही चेहऱ्यावर विक्रीचा आनंद दिसत नाही.

करारातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते म्हणजे गाडीसोबत तिचं ज्ञानही गेलं. नुसत्या सहा गाड्या गेल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं.

पण घाईत एक गोष्ट राहिली. लान्चाने गाडी पिरेल्लीच्या टायरवर बेतली होती. फेरारीचा करार बेल्जियमच्या एंग्लेबेर टायरशी होता. सप्टेंबरात मोन्झाला ग्रां प्री होती आणि त्या वर्षी तिथे नवा, तिरपा उभारलेला काँक्रीटचा वळणमार्गही शर्यतीत धरला होता. अशा वळणावर वेगाने गेलं की गाडी दाबली जाते आणि सगळा भार टायरवर येतो. सरावात चालक फारीनाच्या गाडीचा टायर फुटला, गाडी भिरभिरत गेली. तो वाचला, पण लान्चा गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या गेल्या. घरच्या मैदानावर, नव्या मालकाच्या हातात पहिलीच मोठी शर्यत, आणि गाडी गॅरेजात. कास्तेलोत्ती फेरारीची जुनी गाडी घेऊन उतरला आणि तिसरा आला. त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कला माइक हॉथॉर्न डी-५०मध्ये दुसरा आला, तेवढंच समाधान.

मग हिवाळ्यात फेरारीने गाडी उघडली. या प्रकरणातला दुसरा मोठा निर्णय इथे झाला. इंधन पुन्हा मुख्यतः शेपटीत गेलं. बाजूचे डबे अंगाला चिकटवून टाकले, ती फट बुजवली. इंजिनाला चासीचा भाग न ठेवता नेहमीसारखं वेगळं बसवलं. म्हणजे यानोच्या तीन मोठ्या कल्पनांपैकी दोन मागे घेतल्या.

याकडे दोन बाजूंनी पाहता येतं. लान्चाचे चाहते म्हणतात, फेरारीने गाडी साधी करून टाकली, तिचा आत्मा काढला. फेरारीच्या बाजूने पाहिलं तर १९५६ला त्यांच्याकडे चार तगडे चालक होते : फान्जिओ, कॉलिन्स, मुस्सो, कास्तेलोत्ती. चारही जणांना वर्षभर, वेगवेगळ्या मार्गांवर चालवता येईल अशी गाडी हवी होती. न सांगता सुटणारी गाडी एका असामान्य चालकाला चालते, संघाला चालत नाही. मला फेरारीचं गणित पटतं, आणि ते पटूनही बुजलेली फट पाहिली की वाईट वाटतं.

निष्पत्ती

१९५५ संपताना मर्सिडीजने शर्यतीतून अंग काढून घेतलं आणि फान्जिओ फेरारीकडे आला. अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत वगळता १९५६मध्ये जगज्जेतेपदाच्या सात शर्यती होत्या. त्यांतल्या पाच या गाडीने जिंकल्या : अर्जेंटिना, बेल्जियम, फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी. बेल्जियम आणि फ्रान्स पीटर कॉलिन्सने, ब्रिटन आणि जर्मनी फान्जिओने. अर्जेंटिनात फान्जिओची गाडी बंद पडल्यावर त्याने मुस्सोची घेतली आणि जिंकली. तेव्हा असं चालायचं, गुण दोघांत वाटले जायचे.

शेवट पुन्हा मोन्झाला, २ सप्टेंबरला, त्याच तिरप्या वळणांवर. आणि वर्षभरापूर्वीचाच रोग पुन्हा उपटला. मुस्सो आणि कास्तेलोत्तीने सुरुवातीलाच जोरात पळवल्या, काही फेऱ्यांतच टायरची कातडी सुटायला लागली. खडबडीत काँक्रीटच्या हादऱ्यांनी स्टिअरिंगचे दांडे मोडले. फान्जिओची गाडी स्टिअरिंगपायी थांबली. त्याला हव्या असलेल्या गुणांसाठी दुसरी गाडी हवी होती आणि मुस्सो थांबला तेव्हा आपली सोडायला तयार झाला नाही. मग कॉलिन्स टायर पाहायला आत आला. त्याला स्वतःला जगज्जेता होण्याची आशा उरली होती. तो न विचारता उतरला आणि गाडी फान्जिओच्या हवाली केली. फान्जिओ दुसरा आला, तीस गुणांनी चौथ्यांदा जगज्जेता झाला. मॉसचे सत्तावीस, कॉलिन्सचे पंचवीस. कॉलिन्स तेव्हा चोवीस वर्षांचा होता. शर्यतीच्या इतिहासात मी वाचलेली यापेक्षा मोठ्या मनाची कृती मला आठवत नाही.

पण प्रकरण म्हणून पाहिलं तर ही कृती एका टाळता येण्याजोग्या चुकीवर पडलेलं पांघरूण होती. मोन्झाची तिरपी वळणं आणि ते टायर एकमेकांशी जुळत नाहीत हे १९५५च्या सप्टेंबरातच दिसलं होतं. बारा महिने हातात होते.

१९५७साठी याच गाडीतून ८०१ नावाची नवी गाडी काढली. बाजूचे डबेही गेले. ती जगज्जेतेपदाची एकही शर्यत जिंकली नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कास्तेलोत्ती मोदेनाच्या मार्गावर सरावात गेला. १९५८ला मुस्सो आणि कॉलिन्सही गेले. लान्चाला पुढे, १९६९मध्ये, फियाटनेच विकत घेतलं.

आणि गाड्या? बहुतेक फेरारीतच मोडल्या गेल्या. शर्यतीच्या धंद्यात तेव्हा हा रिवाज होता, गेल्या वर्षीची गाडी म्हणजे जुनं लोखंड. मूळच्या दोनच उरल्या, त्या तुरीनमध्ये राहिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, जान्नी लान्चाला स्पोर्ट्‌स आणि ग्रां प्री यांपैकी एकाची निवड करता आली असती. १९५३ आणि ५४मध्ये दोन्ही आघाड्या एकाच वेळी उघडल्या गेल्या, माणसं तीच, यानो तोच. डी-५० उशिरा येण्यात याचा मोठा वाटा असावा असं मला वाटतं. ती १९५४च्या उन्हाळ्यात आली असती तर अस्कारीला अर्धा हंगाम मिळाला असता, क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्सची दुखणी शर्यतीत सापडून बरी झाली असती. प्रत्यक्षात प्रत्येक दुखणं कामाच्या दिवशी उघडं पडलं. फ्रान्समधल्या पाऊ इथे अस्कारी पुढे असताना ब्रेकची नळी गेली आणि तो पाचवा आला, हे त्याचंच एक उदाहरण.

मोनाकोनंतरचे चार दिवस. संघाचा एकमेव आधारस्तंभ समुद्रातून बाहेर काढल्यावर त्याला आठवडाभर कुठल्याही गाडीत बसू न देण्याची व्यवस्था तेव्हा कुणाकडेच नव्हती. आज डॉक्टरची परवानगी लागते. तेव्हा चालकाची हौस पुरेशी असे. अपघाताचं नेमकं कारण आजवर ठरलेलं नाही, त्यामुळे थांबवलं असतं तर वाचला असता असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण हा निर्णयाचा क्षण होता आणि तिथे कुणी निर्णय घेतलाच नाही.

स्पानंतर कास्तेलोत्तीला आणखी दोन शर्यती मिळायला हव्या होत्या, असं मला पूर्वी वाटायचं. ल मांच्या तारखा मांडून पाहिल्यावर ते मत सोडून दिलं. शर्यती फारच थोड्या उरल्या होत्या. जान्नीने सगळं एकत्र दिलं हेच बरोबर केलं. स्वतःचं नाव गाडीवरून पुसलं जाणार हे कळत असताना त्याने यानो आणि नकाशे अडवून ठेवले नाहीत.

टायरबद्दल वर सांगितलंच. हस्तांतर जुलैअखेर, मोन्झा सप्टेंबरच्या मध्याआधी. मधल्या सहा आठवड्यांत तिरप्या वळणावर नीट चाचणी घेणं जमलं नसेल तर पिरेल्लीवर उतरण्याची एकवेळची सूट एंग्लेबेरकडून मागून घेणं हा एक मार्ग होता. १९५६ला तर तीही सबब नव्हती.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. सहा गाड्यांपैकी फेरारीने एक तरी न उघडता, लान्चाच्या मूळ रूपात, चालू अवस्थेत ठेवायला हवी होती. बदललेल्या गाडीशेजारी मूळ गाडी त्याच दिवशी, त्याच टायरवर, त्याच चालकाने चालवून पाहता आली असती. यानोची कावड खरंच जास्त वेगवान होती का, की तिचा धाकच जास्त होता, याचं मोजून उत्तर तेव्हाच मिळालं असतं. ते न झाल्यामुळे गेली सत्तर वर्षं हा वाद मतांवर चालू आहे. दोन गाड्या उरल्या, पण संग्रहालयातल्या गाडीला कुणी हद्दीपर्यंत पळवत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी ठरवून न करता घडली. लान्चाच्या काळातली काही इंजिनं, मागचे गिअरबॉक्स आणि सुटे भाग मोडीतून वाचले होते. बऱ्याच दशकांनी ते भाग घेऊन, मूळ गाड्या मोजून, इंग्लंडमध्ये काही डी-५० नव्याने बांधल्या गेल्या. त्यांना अस्सल म्हणायचं की प्रतिकृती, यावर जाणकारांत भांडणं आहेत. पण त्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत धावतात, बाजूला डबे टांगून, मधली फट उघडी ठेवून, आणि वळणातून बाहेर पडताना त्या व्ही-८चा आवाज आजही ऐकता येतो.